जर्मनीतल्या आठवडी बाजारात भाजी घ्यायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जर्मनीत नुकत्याच राहायला आलेल्या एका ताईंनी विचारलंय, की सुपरमार्केटातल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या भाजीला कंटाळून त्या घराजवळच्या शनिवारच्या बाजारात जायला लागल्या. तिथे टोमॅटो जरा दाबून बघितला तर विकणारी बाई सगळ्यांदेखत बोलली. कोथिंबीर म्हणून आणलेली जुडी घरी आल्यावर भलतीच निघाली. भावही सुपरमार्केटपेक्षा चढे, आणि आपल्या ओळखीची भाजी जवळजवळ नाहीच. मग या बाजारात जाण्यात काही अर्थ आहे का, आणि जायचंच तर घ्यायचं कसं?

ताई, अर्थ नक्की आहे. मी इथे बरीच वर्षं मराठी जेवणाचे डबे करते, त्यामुळे बाजार हा माझ्या धंद्याचाच भाग आहे. पण तुम्ही ज्या पद्धतीने बाजार करताय, त्या पद्धतीने तो इथे होत नाही. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, की भेंडीचं टोक मोडून बघायचं, वांगं हातात घेऊन हलकं आहे का बघायचं, मटाराची शेंग सोलून दाणा तोंडात टाकायचा. म्हणजे विक्रेता कोणीही असो, आपली नजर आणि आपली बोटं खमकी असली की झालं. इथे बोटांना बंदी आहे. तुम्ही बोट दाखवायचं आणि उचलून, तोलून, पिशवीत भरून देणार तो. अनेकांनी हाताळलेला माल पुढच्या गिऱ्हाइकाला देणं त्यांना पसंत नसतं, आणि पीच, टोमॅटोसारखा नाजूक माल दाबून बघितला की संध्याकाळपर्यंत तिथेच काळा पडतो, ही त्यांची तक्रारही खोटी नाही. काही स्टॉलांवर टोपल्या किंवा कागदी पिशव्या समोर ठेवलेल्या असतात. तिथे आपल्या हाताने घ्यायला हरकत नसते. पिशव्या समोर नसतील तर हात पाठीमागे.

आता भाजी जर तोच निवडणार असेल, तर आपल्या हातात काय उरतं? कोणाकडून घ्यायची ते ठरवणं. इथे सगळं कौशल्य त्यात आहे. चांगला विक्रेता गाठला आणि त्याला तुम्ही काय शिजवणार ते कळलं, की तो तुमच्यापेक्षा चांगली भाजी निवडतो, कारण कुठली पेटी काल संध्याकाळची आणि कुठली आज पहाटेची, हे फक्त त्यालाच माहीत असतं.

इथल्या बाजारात, म्हणजे वोखनमार्क्टात, विकणारे ढोबळमानाने दोन जातीचे. एक एर्त्सोयगर, म्हणजे स्वतः पिकवून विकणारा. दुसरा हेंडलर, म्हणजे ठोक बाजारातून माल उचलून आणणारा. दोघंही शेजारी शेजारी, एकसारख्या छत्र्यांखाली उभे असतात, आणि नवख्याला फरक कळत नाही. फ्रायबुर्गमध्ये मात्र तो चक्क जागेवरूनच कळतो: तिथल्या मोठ्या चर्चभोवती रविवार सोडून रोज बाजार भरतो, त्यात उत्तरेच्या अंगाला आसपासचे शेतकरी आणि दक्षिणेच्या अंगाला व्यापारी. फ्रँकफुर्टला कॉन्स्टाब्लरवाखे चौकात गुरुवारी आणि शनिवारी भरतो तो बाजार मुळात पिकवणाऱ्यांचाच. बाकी ठिकाणी तुम्हालाच ओळखावं लागतं.

ओळखायची माझी रीत सोपी आहे. मे महिन्यात ज्याच्याकडे द्राक्षं, केळी, वांगी, ढोबळी मिरची असं सगळं एकदम मांडलेलं दिसेल, तो व्यापारी. ज्याच्याकडे मोजून सहासात जिनसा आहेत, त्यातही मुळ्यांच्या जुडीला अजून माती आहे, आणि मागच्या आठवड्यात होती ती एक भाजी आज गायब आहे, तो शेतकरी. पाटीवर ‘आउस आयगेनेम आनबाउ’ (स्वतःच्या शेतातलं) किंवा ‘आयगेने एर्न्टे’ असं लिहिलेलं असतं, पण पाटी कुठल्या पेटीवर खोचली आहे ते बघा. बटाट्यावर ती असेल आणि शेजारच्या टोमॅटोवर नसेल, तर टोमॅटो बाहेरून आलेला आहे. त्यात लपवाछपवी नसते. फळं आणि भाज्यांवर कुठल्या देशातून आली ते लिहिणं युरोपात बंधनकारक आहे, आणि ते खडूने का होईना, लिहिलेलं असतंच. ‘आउस डेअर रेगिओन’, म्हणजे ‘याच भागातलं’, ही पाटी मात्र मी फार मनावर घेत नाही. भाग म्हणजे किती किलोमीटर, याची कायद्यात ठरलेली व्याख्या नाही.

व्यापारी वाईट असतो असं अजिबात नाही. आलं, लसूण, लिंबू, मिरच्या, भेंडी या गोष्टी त्याच्याकडूनच घ्याव्या लागतात. पण पालेभाजी, मुळे, शेंगा, बटाटे, कोबी, फुलकोबी आणि उन्हाळ्यातले टोमॅटो हे शेतकऱ्याकडून. पाल्याला तर दुसरा पर्यायच नाही. पहाटे कापलेला पालक आणि ठोक बाजारातून फिरून आलेला पालक यांची चव एकच असेल, असं मानणाऱ्याने खुशाल सुपरमार्केटातून घ्यावा.

बोलायचं काय, हा पुढचा प्रश्न. ‘अर्धा किलो टोमॅटो द्या’ एवढंच म्हणाल तर समोरचा जे वर आहे ते देईल. त्याऐवजी सांगा, की सार करायचंय, उद्याच लागेल, पिकलेले द्या. किंवा कोशिंबिरीसाठी हवेत, चार दिवस टिकायला हवेत. जर्मन मोडकं असलं तरी चालतं. ‘फ्यूर हॉयटे’ म्हणजे आजसाठी, ‘फ्यूर झामस्टाग’ म्हणजे शनिवारसाठी, एवढ्यावर काम भागतं. अव्होकॅडो, खरबूज, पीच घेताना तर विक्रेते स्वतःहूनच विचारतात, कधी खाणार म्हणून. त्या प्रश्नाचं उत्तर नीट द्या, तो गप्पा मारायला विचारत नाहीये.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी या बाजारावर जीव टाकते: पाला. कोहलराबी म्हणजे आपला नवलकोल. तो इथे हिरव्यागार पानांसकट विकायला येतो. तुम्ही दोन मागितले की विकणारी एका हातात गड्डा धरते, दुसऱ्या हाताने पानांचा झुबका मुठीत पकडते, मनगटाला एक पीळ देते, आणि पानं खालच्या पेटीत पडतात. त्या पेटीतला पाला ससे पाळणारे फुकट घेऊन जातात. हे सगळं एका श्वासात होतं, म्हणून तोंड आधी उघडायला हवं. ‘ग्र्यून ड्रानलासेन, बिट्टे’, पाला राहू द्या. काही जणी आधी विचारतात, ‘ग्र्यून आब?’ म्हणजे पाला तोडू का? तिथे सवयीने ‘या’, म्हणजे हो, म्हणू नका. नवलकोलाची कोवळी पानं बारीक चिरून, डाळ घालून मोकळी भाजी करा. छोट्या लाल मुळ्यांचा, म्हणजे राडीसशेनचा, पाला पीठ पेरून करा. त्याला आपल्या मुळ्याच्या पाल्याचाच उग्रपणा आहे. बिटाची कोवळी पानंही तशीच. एका जुडीच्या पैशात दोन भाज्या होतात, त्यामुळे तुमच्या भावाच्या तक्रारीला निम्मं उत्तर इथेच मिळतं. पाला घरी आल्याबरोबर कंदापासून वेगळा करून ओल्या फडक्यात गुंडाळा, नाहीतर तो मुळ्यातलं पाणी ओढून घेतो आणि दोन्ही मऊ पडतात. आणि करायचा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. त्यापुढे राडीसशेनचा पाला पिवळा पडतो.

पाला म्हटलं की आपण सगळंच खायला निघतो, म्हणून एक ठळक सूचना. राबार्बरची, म्हणजे रुबार्बची, पानं कधीही खायची नाहीत. दिसायला ती मोठी आणि चांगली पालेभाजीसारखी दिसतात, पण त्यात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं आणि ती विषारी आहेत. खायचा तो फक्त लालसर देठ. त्या देठाचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. साधारण एप्रिल ते जून तो मिळतो, चांगला आंबट असतो, आणि अंबाडीची आठवण येत असेल तर डाळीत घालून, लसणाची फोडणी देऊन, गूळ जरा जास्त टाकून करून बघा. देठाची वरची दोरे येणारी साल ओढून काढायची.

तुमची कोथिंबीर जी भलतीच निघाली, ती बहुतेक सपाट पानांची पार्सली असणार, म्हणजे ग्लाटे पेटरझीली. दोन्ही शेजारी ठेवलेल्या असतात आणि लांबून सारख्याच दिसतात. पार्सलीचं पान जरा गडद, टोकदार आणि जाडसर असतं, देठ ताठ. कोथिंबिरीचं पान फिकट, कडा गोलसर, आणि देठ इतका नाजूक की जुडी धरली तर मान टाकते. खात्री नसेल तर नाव घेऊन विचारा. कोरिआन्डर म्हटलं की विकणारा हसून जुडी नाकाशी धरतो. तुर्की विक्रेता असेल तर त्यांच्या भाषेत कोथिंबीर म्हणजे किश्निश आणि पार्सली म्हणजे मायदानोज. शेतकऱ्याच्या स्टॉलवर कोथिंबीर क्वचितच असते, आणि असली तरी चार काड्यांची, पैसे मोजताना जीव तुटतो. ती तुर्की स्टॉलवरून घ्यायची.

तुमच्या गावात तुर्की विक्रेत्यांचा बाजार असेल तर तुम्ही नशीबवान आहात. बर्लिनमध्ये मायबाखउफरच्या कालव्याकाठी मंगळवारी आणि शुक्रवारी भरतो तो याच कारणासाठी प्रसिद्ध आहे. तिथे भेंडी मिळते (नाव बाम्या), छोटी वांगी मिळतात, पुदिन्याच्या मोठ्या जुड्या मिळतात. आणि दोन गोष्टी अशा, ज्यांच्यासमोरून आपली माणसं न बघता निघून जातात. पहिली म्हणजे डिल. डिल हा आपला शेपूच. जर्मन माणूस तो माशावर आणि काकडीवर चिमूटभर टाकतो, म्हणून जर्मन स्टॉलवर जुडी बोटाएवढी. तुर्की स्टॉलवर भाजी होईल एवढी मिळते. दुसरी म्हणजे सेमिझओतू, जर्मनमध्ये पोर्टुलाक: जाडसर, पाणीदार पानं आणि लालसर देठ. नीट बघा, ती घोळ आहे. उन्हाळ्यात मिळते. तुर्की लोक दह्यात घालून खातात, आपण मुगाची डाळ घालून करतो. ऑगस्टच्या सुमारास शेतकऱ्यांकडे डिलच्या उंच, पिवळ्या फुलोऱ्याच्या जुड्या दिसतील. त्या बघून हुरळून जाऊ नका. तो काकडीच्या लोणच्यात घालायचा जून डिल आहे, त्याची भाजी म्हणजे काड्या चघळणं.

त्याच स्टॉलवर लांबट, पोपटी, वळलेल्या मिरच्या असतात. दिसायला आपल्याच, पण बहुतेक तिखट नसतात. ‘शार्फ?’ असं विचारून घ्या. तिखट नसतील तर भरल्या मिरच्यांना त्याच उत्तम.

मेथी, अळू, चवळीचा पाला, शेवग्याच्या शेंगा यांचा नाद या बाजारात सोडून द्या. त्यासाठी आशियाई दुकानं आहेत, आणि तिथे विमानाने आलेल्या भाजीचे दाम पडतात. सणावाराला घ्यावी. रोजच्या पालेभाजीला मांगोल्ड घ्या. रुंद पान, जाड पांढरा किंवा लाल देठ, जून ते ऑक्टोबर भरपूर. देठ वेगळे चिरून आधी शिजत टाका, पानं नंतर. ताकातली पातळ भाजी, दाणे आणि हरभऱ्याची डाळ घालून, याच्याइतकी चांगली इथे दुसऱ्या कशाचीही होत नाही. पालकाचीसुद्धा नाही, असं माझं मत आहे. घरात त्यावर एकमत नाही.

बटाट्याबद्दल मी लांबण लावणार आहे, कारण इथे आलेल्या मराठी माणसाची पहिली फसगत बटाट्यात होते. आपल्याला बटाटा म्हणजे बटाटा. इथे प्रत्येक पिशवीवर आणि पेटीवर तो शिजल्यावर कसा होतो ते लिहिलेलं असतं. फेस्टकोखेन्ड म्हणजे शिजल्यावरही फोडी धरून राहणारा. मेलिश म्हणजे पिठूळ, शिजला की फुटणारा. फोरवीगेन्ड फेस्टकोखेन्ड हा मधला. पिशवीबंद बटाट्यात बहुतेक वेळा हिरवा रंग पहिल्याला, निळा पिठूळाला आणि लाल मधल्याला वापरतात, पण बाजारात सुटा घेताना नुसतं नाव असतं. लिंडा, आनाबेल, निकोला ही नावं दिसली तर ते फोडी धरणारे. अड्रेटा, आउगुस्टा पिठूळ. लाउरा, गाला मधले. बटाटेवड्याचं सारण, आलू पराठा, पुरीबरोबरची बोटाने मोडणारी भाजी यांना पिठूळ. काचऱ्या, रस्सा, उपासाच्या फोडी यांना फेस्टकोखेन्ड. लिंडा घेऊन वड्याचं सारण करायला बसाल तर ते चिकट होतं, कितीही कुस्करलं तरी गुळगुळीत गाठी राहतात, आणि दोष उगाच आपल्या हाताला येतो. एकच प्रकार घरात ठेवायचा असेल तर मधला ठेवा, बाकी काय करायचंय ते विकणाऱ्याला सांगा. ‘प्युरेसाठी’, म्हणजे कुस्करायला, असं म्हटलं की तो पिठूळच काढून देतो. हिरवट झालेला बटाटा मात्र पिशवीत पडला तर तिथल्या तिथे परत करा, लाजू नका. ऑक्टोबरमध्ये शेतकऱ्याकडून दहा-बारा किलोचं पोतं घेतलं तर बरंच स्वस्त पडतं, पण घरात अंधारी, गार जागा हवी. स्वयंपाकघरातल्या हीटरशेजारी ठेवलेल्या पोत्याला नाताळापर्यंत मोड येतात.

लोणच्याचं लिंबूही असंच बघून घ्यायचं. साध्या लिंबांना काढणीनंतर बुरशी येऊ नये म्हणून औषध लावतात आणि वर मेणाचा थर देतात. ते लिहिणं बंधनकारक असल्यामुळे पाटीवर किंवा जाळीवर बारीक अक्षरात असतं, बऱ्याचदा साल खाण्यायोग्य नाही असंही. सरबताला ही लिंबं चालतात. लोणच्याला, जिथे साल हाच मुख्य ऐवज, तिथे नाही. त्यासाठी ‘उनबेहान्डेल्ट’ किंवा बायो (म्हणजे सेंद्रिय) लिहिलेली घ्या. उनबेहान्डेल्ट याचा अर्थ काढणीनंतर काही लावलेलं नाही एवढाच, शेतात फवारणी झालेली असू शकते.

कैरीच्या ठिकाणी काय, हे मला दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतं. माझं उत्तर बोस्कोप. खडबडीत, तपकिरी सालीचं हे सफरचंद इथे केकसाठी घेतात. चांगलं आंबट आणि घट्ट असतं, मेथांब्याला झकास. फक्त ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्या. साठवणीतलं बोस्कोप वसंतापर्यंत विकायला असतं, पण तोवर त्याचा आंबटपणा उतरलेला असतो. म्हणजे मेथांबा दिवाळीत. त्याला इलाज नाही.

बाकी ऋतूंचं फार पाठांतर करू नका, स्टॉलसमोर उभं राहिलं की कळतं. पांढरा श्पार्गेल, म्हणजे शतावरीचे कोंब, एप्रिलमध्ये येतो तेव्हा सगळा बाजार त्याच्या मागे लागतो आणि २४ जूनला हंगाम संपतो. त्यानंतर रोपांना विश्रांती देतात, पुढच्या वर्षीच्या पिकासाठी. तुम्हाला आवडला तर घ्या. ताजे कोंब एकमेकांवर घासले की किरकिर वाजतात आणि कापलेलं टोक ओलसर असतं. मला तो इतक्या पैशांच्या लायकीचा वाटत नाही. जुलै ते सप्टेंबर हे आपले महिने: फरसबी, चपटा घेवडा, काकड्या, टोमॅटो, मका, झुकिनी. सप्टेंबरपासून होक्काइडो भोपळा. साल काढायची गरज नाही, रंग केशरी, गोडी भरपूर, घारग्यांना अगदी योग्य. हिवाळ्यात कोबी, गाजरं, बीट, पांढरे मुळे, आणि थंडी पडली की ग्र्यूनकोल, म्हणजे केल, कुरळ्या पानांची पालेभाजी.

झुकिनीवरून आठवलं. झुकिनी किंवा भोपळा कडू लागला तर शिजवूनसुद्धा खाऊ नका, टाकून द्या. त्यातलं कुकुर्बिटासिन हे विषारी द्रव्य शिजवल्याने जात नाही, आणि २०१५ साली जर्मनीत अशा भाजीने एक माणूस दगावला होता. घरच्या बियांपासून लावलेल्या वेलींत हा धोका जास्त. आपल्याकडे कडू दुधी न खाण्यामागेही हेच कारण आहे, पण कारल्याची सवय असलेली माणसं कडू म्हणजे औषधी समजून रेटून खातात, म्हणून सांगितलं.

आता भावाकडे. तुलना करताना पाटीवरचा आकडा कशाचा आहे ते आधी बघा. बाजारात अजूनही फुंट चालतो, म्हणजे पाचशे ग्रॅम. ‘आयन फुंट’ अर्धा किलो, ‘ड्राय फुंट’ दीड किलो. बुंड म्हणजे जुडी, श्ट्युक म्हणजे नग. आणि मिरच्या, आळंबी, सॅलडची सुटी पानं यांच्यावर लिहिलेला भाव पुष्कळदा शंभर ग्रॅमचा असतो. १.९९ युरो बघून हात पुढे केला तर तो किलोला जवळजवळ २० युरोचा माल आहे. किलोचा भाव जवळपास लिहिलेला असायला हवा, तो शोधा. काटा तुमच्याकडे तोंड करून असतो. अर्धा किलो मागितल्यावर ५६० ग्रॅम भरलं तर विचारतात, ‘डार्फ्स आयन बिसशेन मेअर झाइन?’ थोडं जास्त चालेल का? नको असेल तर नाही म्हणायला काहीच हरकत नाही. कोणी तोंड वाकडं करत नाही.

घासाघीस इथे होत नाही. प्रयत्नसुद्धा करू नका, शेतकऱ्याला तो अपमान वाटतो. पण बाजार उठायच्या शेवटच्या अर्ध्या तासात व्यापारी स्वतःच ओरडायला लागतात, पेटी अमुक युरोला म्हणून. तेव्हा मिळणारा माल त्याच दिवशी शिजवून संपवायचा असतो. टोमॅटोची पेटी घेऊन सार, चटणी, प्युरी करून फ्रीझरमध्ये टाकायची असेल तर ती वेळ उत्तम. पालेभाजीला ती वेळ वाईट, दुपारी एकचा पालक म्हणजे मान टाकलेला पालक. दुसरा मार्ग दुसऱ्या प्रतीचा माल मागण्याचा. युरोपातली प्रतवारी, एक्स्ट्रा, एक आणि दोन, ही आकार, रंग, डाग यांवरून ठरते, चवीवरून नाही. वाकडी गाजरं, डागाळलेली सफरचंदं किसून शिजवायला तशीच. काकडी किती वाकडी चालेल याचाही नियम होता, तो २००९ मध्ये रद्द झाला.

सवलत हवी तर ती सवयीतून मिळते. दर आठवड्याला त्याच स्टॉलवर जा, मागच्या वेळची भाजी कशी झाली ते सांगा. काही महिन्यांत वर एक जुडी पडायला लागते, हिशेब खालच्या युरोवर थांबतो, आणि त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ‘आज फुलकोबी नको घेऊ’ असं खरं ऐकायला मिळतं. माझी एक शेतकरीण आता नवलकोलाच्या पानांची वेगळी पिशवी भरून ठेवते. आधी तिला वाटायचं माझ्याकडेही ससे आहेत.

बायोचं एवढंच: ‘बायो’ आणि ‘ओको’ हे शब्द युरोपात कायद्याने राखलेले आहेत. विकणाऱ्याकडे प्रमाणपत्र असतं आणि डीई-ओको आणि पुढे तीन आकडे असा तपासणी संस्थेचा क्रमांक असतो. डेमेटर, बायोलांड, नाटुरलांड या सेंद्रिय शेतीच्या संघटनांचे नियम त्याहून कडक. ‘उनगेश्प्रिट्स्ट’, म्हणजे फवारणी न केलेलं, ही मात्र विकणाऱ्याची जबानी आहे, तिच्यामागे तशी तपासणी नसते. माणूस ओळखीचा असेल तर विश्वास ठेवा. मी स्वतः पालेभाजी, लिंबं आणि स्ट्रॉबेरी बायो घेते. कांदा, कोबी, भोपळा साधाच.

रांगेचं तंत्र विचित्र आहे. रांग दिसतच नाही, लोक स्टॉलभोवती अर्धवर्तुळात उभे असतात. पण कोण कोणाच्या आधी आलं हे प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं असतं. पोचल्याबरोबर कोण आधीपासून उभं आहे ते बघून ठेवा. ‘वेअर इस्ट डेअर नेक्स्टे?’ (पुढचा कोण?) असं आतून विचारलं आणि तुमचा नंबर असेल तर मोठ्याने ‘इश’, म्हणजे मी, म्हणा. भिडेपोटी गप्प राहिलात तर पुढचा घेईल, आणि तुमचा नसताना बोललात तर पुन्हा बोलणी बसतील. ‘झोन्स्ट नोख वास?’ म्हणजे अजून काही? संपलं असेल तर ‘दास वार्स’.

सुटे पैसे न्या, कार्ड बऱ्याच स्टॉलांवर चालत नाही. पिशव्याही आपल्याच, पालेभाजीला कापडी, कंदांना वेगळी. शक्य असेल तर शनिवारऐवजी आठवड्यातल्या दिवशी जा. शनिवारी गर्दी असते आणि विकणाऱ्याला बोलायला वेळ नसतो. हॅम्बुर्गचा ईझेमार्क्ट मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी भरतो, तोही मेट्रोच्या उंच पुलाखाली, त्यामुळे पावसातही जाता येतं. म्युनिकला असाल तर विक्टुआलिएनमार्क्ट एकदा बघून या. तो १८०७ पासूनचा आहे, पण आठवड्याची भाजी तिथून घेणं खिशाला परवडत नाही, तिच्यासाठी वस्तीतला बाजार शोधा. आणि बाजाराच्या दिवशी सरकारी सुट्टी आली तर बाजार बहुतेक आदल्या दिवशी भरतो किंवा भरतच नाही. आधीच्या आठवड्यात स्टॉलवर विचारून ठेवा, विशेषतः ईस्टर आणि नाताळच्या आठवड्यात.

येत्या खेपेला यादी घेऊन जाऊ नका. पहिल्यांदा काही न घेता एक फेरी मारा, मातीचे मुळे असलेला स्टॉल हेरा, आणि तिथून एक जुडी राडीसशेन आणि दोन कोहलराबी घ्या, पाल्यासकट. पीठ पेरून केलेली भाजी कशी झाली ते कळवा. मग पुढच्या खेपेला काय घ्यायचं ते सांगते.